कंपनी सोडून आंदोलनात उतरताय? आधी सतरंजीपाशी या

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे पुण्याचे, वय ३७. बारा वर्षं सॉफ्टवेअर कंपनी चालवली, आता आपला हिस्सा भागीदाराला देऊन मोकळे झालेत. घर चालेल इतकं गाठीशी आहे. नदीकाठच्या भरावापासून पेपरफुटीपर्यंत सगळ्याचा संताप येतो, म्हणून आता ‘रस्त्यावर उतरायचं’ ठरवलंय. अमेरिकी प्रोग्रॅमर आणि कार्यकर्ता ॲरन स्वार्ट्झ हा त्यांचा आदर्श. ते विचारतात, तंत्रज्ञ माणसाचा आंदोलनात नेमका उपयोग काय, आणि यात धोका किती?

मीही याच वाटेने आलो. पगारपत्रकांचं सॉफ्टवेअर लिहून विकायचो. २००६ पासून माहिती अधिकार, प्रभागातली कामं, महापालिकेचं अंदाजपत्रक यातच आहे. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायला लागलो त्याला आता बरीच वर्षं झाली आणि त्यातल्या काही मी चांगल्या करपवल्याही आहेत. उत्तर लांबणार, सवडीने वाचा.

आपल्याकडे कार्यकर्त्यांची एक जुनी वर्गवारी आहे. काही व्यासपीठावर बसतात, काही सभा संपल्यावर सतरंज्या उचलतात. ‘आयुष्यभर सतरंज्याच उचलल्या’ हे वाक्य आपण गाऱ्हाणं म्हणूनच ऐकतो. कंपनी चालवलेला माणूस आला की मात्र लोक त्याला थेट स्टेजवर चढवतात. तो बरं बोलतो, त्याच्याकडे गाडी असते आणि चॅनेलवाल्यांना ‘लाखोंचं पॅकेज सोडून’ अशी पट्टी चालवता येते. माझा अनुभव असा की तिथे त्याचा उपयोग सगळ्यात कमी. त्याच्या हातात जी कला आहे ती सतरंजीच्या कामाची आहे. स्वार्ट्झचं उदाहरण तुम्हीच दिलंय, म्हणून त्याच्यापासूनच सुरू करतो. त्याचं नाव घेणारे बहुतेक जण चुकीचं पान उघडून बसतात.

शिकागोजवळच्या हायलंड पार्कमधला हा मुलगा, जन्म १९८६. चौदाव्या वर्षी आरएसएसच्या (संघ नव्हे, संकेतस्थळांवरचा नवा मजकूर वाचकापर्यंत आपोआप पोचवणारी पद्धत) १.० आवृत्तीचा मसुदा करणाऱ्यांमध्ये होता. पुढे क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्यांच्या तांत्रिक घडणीत त्याने काम केलं. २००५ च्या उन्हाळ्यात नवउद्योगांना उभं करणाऱ्या वाय कॉम्बिनेटरच्या पहिल्याच तुकडीत इन्फोगामी ही आपली कंपनी घेऊन गेला, त्याच वर्षी ती रेडिट या चर्चेच्या साइटमध्ये विलीन झाली आणि ऑक्टोबर २००६ मध्ये काँदे नास्ट या मासिकांच्या प्रकाशन कंपनीने रेडिट विकत घेतलं. विसाव्या वाढदिवसाच्या आठवडाभर आधी हातात पैसा. जानेवारी २००७ मध्ये नोकरी गेली. ऑफिसात तो रमलाच नव्हता. इथपर्यंत गोष्ट तुमच्याआमच्यासारखीच, फक्त आकडे मोठे.

पुढच्या सहा वर्षांत त्याने तीन मोठी कामं केली आणि तिन्ही एकाच मापाने मोजता येत नाहीत.

पहिलं न्यायालयीन कागदपत्रांचं. अमेरिकेच्या केंद्रीय न्यायालयांचे दस्तऐवज ‘पेसर’ नावाच्या यंत्रणेत असतात. दफ्तर सार्वजनिक, तरी वाचायला मीटर चालू. त्या वेळी पानाला ८ सेंट. २००७ च्या अखेरीस १७ ग्रंथालयांत प्रायोगिक म्हणून ते फुकट उघडलं. सरकारी कागद लोकांसाठी खुले करण्याचं व्रत घेतलेला कार्ल मालामुद म्हणाला, पेन ड्राइव्ह घेऊन ग्रंथालयात जा आणि उतरवून घ्या. स्वार्ट्झने पेन ड्राइव्हऐवजी स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप काम करणारा छोटा प्रोग्रॅम, लिहिली आणि सुमारे २७ लाख दस्तऐवज, म्हणजे २ कोटींच्या आसपास पानं उतरवली. सप्टेंबर २००८ मध्ये सरकारने प्रयोगच गुंडाळला. एफबीआयने चौकशी केली, हायलंड पार्कच्या घराची पाहणी केली आणि एप्रिल २००९ मध्ये गुन्हा न नोंदवताच प्रकरण बंद केलं. यावर पठ्ठ्याने काय करावं? तिथल्या माहिती अधिकाराच्या कायद्याखाली स्वतःचीच एफबीआय फाईल मागवली आणि ती प्रसिद्ध केली. आमच्या मंडळींना हा किस्सा सांगितला की टाळी पडतेच.

पण मला त्यातला पुढचा, कंटाळवाणा भाग जास्त मोलाचा वाटतो. मालामुदने ते दस्तऐवज तपासून घेतले. त्यात सामान्य लोकांचे सामाजिक सुरक्षा क्रमांक उघडे पडलेले सापडले. त्याने न्यायालयांना एकेक पत्र लिहून ते दाखवून दिलं. डाउनलोड एका माणसाने केलं खरं, पण पुढे तपासणारे, पत्र लिहिणारे, कायद्याची बाजू पाहणारे लोक होते. मागणीही अशी की कुणाही सामान्य माणसाला एका वाक्यात पटावी: कोर्टाचा कागद लोकांचा आहे.

(हाच मालामुद पुढे भारतीय मानक ब्युरोच्या मागे लागला. इमारत, हेल्मेट, पिण्याचं पाणी कसं असावं याची सरकारी मानकं पैसे मोजून का घ्यायची, म्हणून २०१५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात याचिका झाली. सहयाचिकाकर्त्यांत सुशांत सिन्हा होते. या संगणक अभियंत्याने २००८ मध्ये इंडियन कानून ही साइट सुरू केली. ग्रामपंचायतीच्या वादात अडकलेला माणूसही आज उच्च न्यायालयाचा निकाल मोबाइलवर फुकट वाचतो तो तिच्यामुळे. एकही घोषणा न देता केलेलं इतकं मोठं राजकीय काम मला दुसरं पटकन आठवत नाही.)

दुसरं काम ‘सोपा’ (SOPA) नावाच्या विधेयकाविरुद्धच्या लढ्याचं, आणि तंत्रज्ञाने अभ्यासावं ते हेच. सप्टेंबर २०१० मध्ये अमेरिकी सिनेटमध्ये कोइका नावाचं विधेयक आलं. चोरीचा मजकूर आहे असा ठपका ठेवून आख्खी संकेतस्थळं बंद पाडण्याची मुभा सरकारला देणारं. स्वार्ट्झ आणि त्याच्या मित्रांनी एक ऑनलाइन अर्ज काढला, त्यावर काही आठवड्यांत तीन लाखांच्या घरात सह्या जमल्या आणि त्यातून ‘डिमांड प्रोग्रेस’ ही संघटना उभी राहिली. सिनेटर रॉन वायडन यांनी ते विधेयक अडवून धरलं. मग तेच नवे कपडे घालून पिपा आणि सोपा म्हणून परत आलं. लढा दीड वर्ष चालला. १८ जानेवारी २०१२ ला इंग्रजी विकिपीडिया २४ तास काळा झाला, रेडिट १२ तास बंद राहिलं आणि दोन दिवसांत दोन्ही विधेयकं बासनात गेली.

काळं पान सगळ्यांच्या लक्षात राहिलं. कारागिरी त्याच्या खाली होती. पान उघडलं की तुमचा पिनकोड टाकायचा, लगेच तुमच्या लोकप्रतिनिधीचं नाव आणि कचेरीचा फोन नंबर समोर. विकिपीडियाच्या त्या पानावरून ८० लाख लोकांनी आपला प्रतिनिधी शोधला. त्याआधी नोव्हेंबर २०११ मध्ये टंबलर या ब्लॉगच्या साइटने हेच एका दिवसात करून ८७,८३४ फोन लावून दिले होते. आता खासदाराच्या कचेरीत फोन उचलणाऱ्या माणसाची कल्पना करा. एक ठेवला की दुसरा. दुपारपर्यंत तो साहेबांकडे जाऊन सांगणारच की काम ठप्प झालंय. संताप सगळ्यांकडे असतो. त्याला नेमका नंबर लावून देणं हे तंत्रज्ञाचं काम, म्हणजे सतरंजीचंच काम. इथे स्वार्ट्झने भाषणंही केली, पण ती नंतर.

आपल्याकडे हेच २०१५ मध्ये झालं. २७ मार्चला दूरसंचार नियामक ट्रायने इंटरनेट सेवांवर सल्लामसलतीचा कागद काढला, त्यात २० प्रश्न, भाषा अशी की सरकारी वकिलालाही घाम फुटावा. मुदत २४ एप्रिल. निखिल पाहवा, किरण जोन्नलगड्डा वगैरे मंडळी, म्हणजे कुणी माध्यमाचा छोटा उद्योग चालवणारा, कुणी तंत्रज्ञांच्या परिषदा भरवणारा, एकत्र बसली. त्यांनी तो कागद सोप्या भाषेत उतरवला, २० उत्तरांचा मसुदा केला आणि एक बटण दिलं: वाचा, हवं तर बदला, पाठवा. ट्रायकडे १० लाखांहून जास्त ईमेल गेले. ट्रायनेही कमाल केली, पाठवणाऱ्यांचे पत्ते सरसकट आपल्या साइटवर टाकून दिले. (सह्यांची मोहीम काढाल तेव्हा हे ध्यानात ठेवा. लोक विश्वासाने नंबर देतात आणि तो कुठे कसा जाईल हे तुमच्या एकट्याच्या हातात राहत नाही.) ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने वेगवेगळ्या साइटसाठी इंटरनेटचे वेगवेगळे दर लावण्यावर बंदी घालणारा नियम काढला. दहा महिने. आझाद मैदानात मंडप न घालता, आणि मैदानातल्या बऱ्याच उपोषणांपेक्षा पक्का निकाल.

आता तिसरं काम. तुम्ही स्वार्ट्झचं नाव घेतलंत ते बहुधा यासाठीच.

जेस्टोर हा विद्वत्तापूर्ण नियतकालिकांचा संग्रह. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठाच्या आवारात शिरलेल्या पाहुण्यालाही तो तिथल्या नेटवर्कवरून उघडता यायचा. सप्टेंबर २०१० पासून स्वार्ट्झने तिथे एक एसर लॅपटॉप जोडला. नाव नोंदवलं ‘गॅरी होस्ट’, म्हणजे जी. होस्ट, म्हणजे घोस्ट. जेस्टोरने लॅपटॉपचा नेटवर्कवरचा पत्ता अडवला की हा नवीन घ्यायचा. पुढे तर सोळा नंबरच्या इमारतीच्या तळघरात, वायरींच्या खोलीत लॅपटॉप थेट जोडून त्यावर पुठ्ठ्याचं खोकं पालथं घातलं. कॅमेऱ्यात दिसतं ते असं: सायकलचं हेल्मेट चेहऱ्यापुढे धरून तो खोलीत शिरतोय. ६ जानेवारी २०११ ला अटक झाली. तोवर चाळीस लाखांच्या वर लेख उतरले होते. ते त्याला कशासाठी हवे होते, हे न्यायालयात कधी सिद्ध झालंच नाही. २००८ मध्ये त्याने खुल्या ज्ञानाचा एक जाहीरनामा लिहिला होता, सरकारी वकिलांनी त्यावर बोट ठेवलं. दुसरीकडे, विधी नियतकालिकांतल्या चार लाखांहून अधिक लेखांचं विश्लेषण करून कोणत्या संशोधनामागे कुणाचा पैसा आहे हे त्याने आधी शोधलं होतं, तेही खरं.

जेस्टोरने त्याच्याशी तडजोड केली, फिर्याद पुढे न्यायची इच्छा नाही असं सांगितलं. एमआयटी तटस्थ राहिली, आणि ताकदवान बाजू समोर असताना तटस्थ राहणं कुणाच्या पथ्यावर पडतं हे आपण गावोगाव पाहतोच. केंद्रीय सरकारी वकिलांनी जुलै २०११ मध्ये ४ गुन्हे लावले, सप्टेंबर २०१२ मध्ये ते १३ केले. कागदावर शिक्षा ५० वर्षांपर्यंत जात होती, तडजोडीत मात्र सुमारे सहा महिने देऊ केले होते, अट एवढीच की सगळे गुन्हे कबूल करायचे. त्याने नकार दिला. रेडिटमधून आलेला पैसा बचावात जवळजवळ संपला. ११ जानेवारी २०१३ ला, वयाच्या २६ व्या वर्षी, त्याने आत्महत्या केली. अशा मृत्यूला एकच कारण चिकटवू नये. पण लेख उतरवल्याबद्दल अशा कलमांचा डोंगर रचणं हा निव्वळ अतिरेक होता, हे माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे.

तरीही तुम्हाला सांगायचं ते वेगळंच. पेसर आणि जेस्टोर या दोन्हींत कला तीच होती: स्क्रिप्ट, मोठी साठवण, चिकाटी. फरक कशात पडला? पेसरची मागणी उघड होती आणि बरोबर माणसं होती. वायरींच्या खोलीत तो एकटा होता. हार्वर्डचा फेलो असल्यामुळे जेस्टोर वाचायची सोय त्याला एरवीही होती. मागणी जाहीर नव्हती, म्हणून अटक झाली तेव्हा ‘आम्हीही याच्याबरोबर आहोत’ म्हणायला दारात जमाव नव्हता. सत्याग्रहात कायदा मोडणारा आधी तारीख, जागा आणि मीठ जाहीर करतो. चेहऱ्यापुढे हेल्मेट आलं की तुमचं काम सत्याग्रहाच्या बाहेर गेलं, भले हेतू सोन्याचा असो. आमच्यासारख्यांची खोड हीच: रात्री एकट्याने बसून प्रश्न ‘सोडवून’ टाकायचा आणि सकाळी जगाला दाखवायचा. कंपनीत याला शाबासकी मिळते.

माझीच चूक सांगतो. २००९ च्या सुमाराला एका महापालिकेच्या (नाव राहू दे) साइटवरच्या निविदा मला हव्या होत्या. अर्ज केला तर तीस दिवस जाणार. मी रात्री स्क्रिप्ट लावली आणि झोपलो. त्यांचा सर्व्हर म्हणजे कुठल्या तरी कपाटाशेजारचं एक दमलेलं मशीन. ते पहाटे झोपलं ते उठेचना. दुसऱ्या दिवशी मालमत्ता करात सवलत मिळण्याची शेवटची तारीख. मी काही कामासाठी तिथल्या क्षेत्रीय कार्यालयात गेलो, तर नागरी सुविधा केंद्रासमोर रांग जिन्यापर्यंत आलेली. खिडकीतला माणूस ओरडत होता, ‘सिस्टीम डाउन आहे, दुपारनंतर या.’ माझ्या पुढे एक आजोबा होते, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गेल्या वर्षीची पावती. मला म्हणाले, ‘हे मुद्दाम करतात बघा, सवलत द्यायला नको म्हणून.’ मी मान डोलावली. दुसरं काय करणार होतो?

आठवड्याने दोन माणसं घरी चौकशीला आली. आयपी पत्ता माझाच, लपवायची अक्कलही नव्हती. एका ओळखीच्या वकीलबाईंनी निस्तरलं, आणि वर जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ तेव्हा पहिल्यांदा नीट वाचलं. मालकाच्या परवानगीशिवाय संगणकातून माहिती उतरवून घेणं आणि यंत्रणेत अडथळा आणणं, दोन्ही त्यात बसतं. अप्रामाणिकपणे केलं असं दिसलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘सरकारी साइट आहे, सगळ्यांना दिसते, मग उतरवली तर काय बिघडलं’ हा युक्तिवाद मित्रांत छान वाटतो.

नंतर त्याच निविदा माहिती अधिकारात मागितल्या. एक्सेलमधली यादी त्यांनी छापली, प्रत्येक पानावर शिक्का मारला, स्कॅन केली आणि सीडीवर घालून दिली. मी आणि दोन विद्यार्थ्यांनी ती सहा रविवार बसून परत टाइप केली. रस्त्याच्या एकाच तुकड्याचं काम दोन वेगवेगळ्या नावांनी निघालेलं आम्हाला सापडलं ते या टाइप करण्यात. स्क्रिप्टने ते दाखवलं असतं का? कदाचित. पण त्या दोन पोरांना फाईल वाचता येऊ लागली नसती, आणि आज त्यातली एक आमच्यापेक्षा चांगलं पहिलं अपील लिहिते.

तुम्हाला आदर्शच हवा असेल तर तैवानकडे बघा असं मी सुचवेन. ऑड्री टँग, जन्म १९८१, चौदाव्या वर्षी शाळा सोडली, कोवळ्या वयात सॉफ्टवेअर कंपनी काढली, पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेच्या जगात मोठं नाव, पुढे अमेरिकी कंपन्यांची सल्लागार. मार्च २०१४ मध्ये तैवानच्या संसदेतल्या समितीत चीनबरोबरच्या सेवा व्यापार कराराची छाननी ‘झाली’ असं अर्ध्या मिनिटात जाहीर केलं गेलं. दुसऱ्या दिवशी, १८ मार्चला, विद्यार्थ्यांनी संसदेचं सभागृह ताब्यात घेतलं आणि १० एप्रिलपर्यंत सोडलं नाही. सूर्यफूल आंदोलन ते हेच. पहिलं थेट प्रक्षेपण कसं झालं? एका आयपॅडला दोन चपलांचा टेकू देऊन. नाहीतर आत काय चाललंय याबद्दल बाहेर अफवा उठल्या असत्या, आणि अफवा उठल्या की लाठी यायला वेळ लागत नाही.

टँग तिथे पोचल्या त्या ३५० मीटर नेटवर्क केबल घेऊन. आतलं दृश्य बाहेर रस्त्यावर बसलेल्यांना दिसावं, बोललेलं टाइप होऊन वाचता यावं, कोणतं प्रक्षेपण कुठे चालू आहे याची एक यादी असावी, हे काम गव्हझीरो नावाच्या स्वयंसेवी तंत्रज्ञांच्या गटाने उचललं. शेवटी सभापतींनी अशा करारांवर संसदेची देखरेख ठेवणाऱ्या कायद्याची आंदोलकांची मागणी मान्य केली, मुलांनी सभागृह झाडून पुसून दिलं आणि ती बाहेर पडली. टँग यांना सरकारनेच बोलावलं, आधी सल्ल्याला, आणि २०१६ मध्ये थेट मंत्री म्हणून. त्यांनी घातलेली एक अट मला फार आवडते: माझ्या बैठकांची टिपणं जाहीर होतील. आपल्याकडे साध्या प्रभाग समितीचं इतिवृत्त मिळवायला अर्ज करावा लागतो! अर्थात तैवान लहान देश आहे, तिथलं सगळं इथे चालणार नाही, आणि आंदोलनातून मंत्रिपदावर गेलेल्यांबद्दल आपल्याला जे वाटतं ते तिथेही काहींना वाटलंच. पण केबलची गोष्ट कुठेही चालते.

आता धोक्यांचं, जरा रोकडं बोलू. मोर्चात चालणं हा गुन्हा नाही, पण शहरात बऱ्याचदा महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश चालू असतात, आणि पूर्वीचं १४४ आता नव्या संहितेत १६३ झालंय. आदल्या संध्याकाळी पोलीस ठाण्यातून नोटीस येते. जुने कार्यकर्ते तिला अजून ‘१४९ ची नोटीस’च म्हणतात, नवा आकडा १६८. घाबरू नका. सही करून घ्या, तारीख आणि वेळ घाला, प्रत मागा. दिवसभर बसवून ठेवलं तर संध्याकाळी बहुधा सोडतात. खिशात औषध, चार्जर आणि वकिलाचा नंबर कागदावर लिहिलेला हवा, कारण फोन तुमच्याकडे राहीलच असं नाही. बायकोला किंवा आईला आधी सांगून निघा. हे हसण्यावारी नेऊ नका, मी एकदा नेलं होतं.

पैशांचं. अमेरिकेतले मित्र ‘आम्ही डॉलर पाठवतो’ म्हणतील. मित्र भारतीय पासपोर्टवर असेल तर गोष्ट वेगळी, तिथलं नागरिकत्व घेतलं असेल तर ते परदेशी योगदान ठरतं आणि एफसीआरए हा परदेशी देणग्यांचा कायदा आडवा येतो. सनदी लेखापालाला विचारल्याशिवाय एक डॉलर घेऊ नका. बे एरियातल्या आपल्या मराठी मंडळींचं प्रेम खरं असतं, पण चौकशी इथे तुमची होते. संस्था काढायची घाई नको. पहिली दोन वर्षं दुसऱ्या कुणाच्या तरी कामात हिशेब लिहा.

माणसांचं. खटला हा आंदोलनाचा सगळ्यात एकाकी भाग असतो. पहिल्या दिवशी कोर्टाबाहेर पन्नास जण असतात, सातव्या तारखेला दोन. आमच्या गटात एक नियम आहे, लेखी नाही, पण पाळला जातो: तारखेला कुणीही एकटं जायचं नाही. सोबत गेलेल्याने खटल्याबद्दल बोलायचं नाही, चहा पाजायचा आणि पुढची तारीख वहीत लिहायची. स्वार्ट्झची हकीकत वाचताना मला हेच राहून राहून वाटतं. त्याला ओळखणारे हजारो होते, जीव लावणारेही होते, पण मदत मागणं त्याला जड जायचं. तुमचाही स्वभाव तसा असेल, कंपनी चालवणाऱ्यांचा बहुधा असतोच, तर मदत मागायची सवय आतापासून लावून घ्या. झोप उडाली, कशातच मन लागेना असं झालं तर डॉक्टर गाठा. ते आंदोलन पुढे ढकलण्याइतकं महत्त्वाचं कारण आहे.

शेवटी तुमच्या संतापाच्या यादीबद्दल. नदी, पेपरफुटी, रस्ते, निवडणूक रोखे, सगळंच तुम्ही लिहिलंय. २०११ च्या ऑगस्टमध्ये रामलीला मैदानावर अण्णांचं उपोषण चालू होतं तेव्हा आमच्या भागातही आयटीतल्या पोरांनी मोठा मोर्चा काढला होता, तिरंगे, टोप्या, सगळं. त्याच लोकपालाच्या उत्साहात आम्ही पुढच्या महिन्यात वॉर्डातल्या कामांची यादी वाचायची बैठक ठेवली. चौघे आले. त्यातला एक चुकून, योगवर्ग समजून. तो मात्र टिकला.

यादीतली एकच गोष्ट निवडा, आणि ती घरापासून चालत जाता येईल अशी. तुमच्या गल्लीतला रस्ता घ्या. अर्ज एकाच विषयाचा, १५० शब्दांच्या आत, वर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. ‘भ्रष्टाचाराची माहिती द्या’ असं लिहू नका, तशी फाईल कुठल्याच कपाटात नसते. कार्यादेश, मोजमाप पुस्तिका आणि देयकाची प्रत मागा. किंवा अर्जही राहू द्या. कार्यालयात जाऊन फाईल पाहता येते का ते आधी विचारून घ्या. मोजमाप पुस्तिकेला तिथे सगळे ‘एमबी’ म्हणतात, तुम्हीही तेच म्हणा, म्हणजे नवखे वाटणार नाही. रस्त्याची जाडी तिच्यात मिलीमीटरमध्ये लिहिलेली असते. जाताना मीटर टेप आणि वही न्या, झेरॉक्सचं मशीन बहुतेक बंदच असतं.